पलीकडच्या ओळीतली काडी

लग्न होऊन बेटाच्या टोकावरच्या कालासेत्ता गावात आली त्या पहिल्याच हिवाळ्यात सासूनं अपोलोनियाला दागिना नाही दिला, एक ओळ दिली. समुद्राकडच्या बांधाला लागून असलेली, कारिन्यानो जातीच्या काळ्या द्राक्षवेलींची ओळ.

"ही आजपासून तुझी," सासू रोमिल्दा म्हणाली. "हिच्यातली एखादी वेल मेली तर रडत माझ्याकडे यायचं नाही. शेजारच्या वेलीची काडी घ्यायची, वाळूत पुरायची, आणि खड्डा भरून काढायचा. कळलं?"

अपोलोनियानं मान हलवली, कळलं काहीच नव्हतं. ती सान्तान्तिओकोची, म्हणजे त्याच बेटाच्या दुसऱ्या टोकाची. सायकलवरून जाऊन जेवायच्या वेळेला परत येता येईल एवढंच अंतर. पण तिकडची बोली वेगळी, पावाचा आकार वेगळा, शिव्यासुद्धा वेगळ्या. कालासेत्ताच्या लोकांच्या लेखी ती सातासमुद्रापलीकडून आलेली. नाक्यावरच्या बायका तिच्यासमोर मुद्दाम भराभर बोलायच्या, आणि ती हसायची, कारण न कळलेल्या बोलण्यावर हसणं सगळ्यात स्वस्त पडतं.

शिकवलं ते सासूनंच. रोमिल्दा तोंडानं फटकळ, पण हात फार हळुवार. वाळूत कोपरभर खोल चर खणायचा. शेजारच्या वेलीची लांब काडी, जिला मागच्या छाटणीत हात लावलेला नाही अशी, हळूहळू वाकवून त्या चरात निजवायची. मोडली तर वर्ष गेलं. वर कुजलेलं शेणखत, मग वाळू. टोक मेलेल्या वेलीच्या जागी वर काढायचं, दोन डोळे उघडे ठेवायचे, बोरूची काठी रोवून बांधायचं. दोन-तीन वर्षं ती पोर आईचंच पिते. स्वतःच्या मुळ्या पुरेशा झाल्या की मग खालून नाळ कापायची, तीसुद्धा एकदम नाही. आधी अर्धी, पुढच्या वर्षी उरलेली.

"बाजारातून रोप का नाही आणायचं?" अपोलोनियानं तेव्हा विचारलं होतं.

"बाजारची रोपं दुसऱ्याच्या पायांवर उभी असतात," सासू म्हणाली. "सगळ्या जगातल्या वेलींची मुळं किड्यानं खाल्ली, म्हणून लोकांनी परक्या मुळांवर कलमं बांधली. तो किडा वाळूत जगत नाही. आपली कारिन्यानो स्वतःच्या पायांवर उभी आहे. तिला कुबडी कशाला?"

कारिन्यानोबद्दल रोमिल्दा नेहमी नात्यातल्या बाईबद्दल बोलावं तशी बोलायची. उशिरा उठते, उशिरा आवरते. बाकीच्या द्राक्षांना पालवी फुटून ती मिरवायला लागतात तेव्हा ही अजून काळ्या ठेंगण्या खोडासारखी बसलेली. वैशाखवणव्यासारखं ऊन हवं, वारा हवा, पाणी मात्र तिला मानवत नाही. जास्त पाजलं की भाराभर घड देते आणि एकाला चव नसते. तरुण असताना उधळी. म्हातारी झाली की मोजकं देते, पण काय देते! जाड सालीचं, शाईसारखं काळं. घडाचं देठ एवढं आखूड आणि चिवट की खोडाला कवटाळून बसतं, कात्री आत शिरत नाही, बोटं मात्र कापली जातात. आणि भुरी पडायची खोड. हवा जरा दमट झाली की पानांवर पिठासारखा थर. त्यासाठी गंधकाची पूड मारावी लागते.

त्या गंधकानंच सगळं बिघडवलं.

अपोलोनियाच्या ओळीच्या पलीकडे, बांध ओलांडला की अगुस्तिनची बाग. अगुस्तिन हा तिच्या नवऱ्याचा, बास्तियानचा, चुलतभाऊ. दोघं भाऊ एकाच हौदातून पाणी काढत, एकाच झाडाखाली जेवत, आणि एकमेकांची वाईन चाखून एकमेकांना नावं ठेवत. बास्तियान गेल्यावरही अगुस्तिन अधूनमधून बांधावर टोपी काढून उभा राहायचा, "काही उचलायचंय का?" विचारायचा.

मग नातीचा बाप्तिस्मा झाला. लेक ऑर्नेला तुरीनहून आलेली, जावयाकडची मंडळी आलेली. अपोलोनियानं बागेतल्या खोपटापुढे लांब टेबल मांडलं आणि कसका केला. कसका म्हणजे कालासेत्ताचा जीव की प्राण: रवा पाण्याचा हात लावून तासन् तास वळायचा, मातीच्या भोकाच्या भांड्यात वाफवायचा, वर कोबी, गाजर, हरभरे, बडीशेपेचा कोवळा पाला. सान्तान्तिओकोच्या बाईला तो जमत नाही असं गावाचं ठाम मत. चाळीस वर्षं त्या मताशी भांडत अपोलोनियाचा हात तयार झालेला. त्या दिवशी रवा असा मोकळा उतरला होता की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

तेवढ्यात वारा फिरला. बांधापलीकडे अगुस्तिन पाठीला पंप लावून गंधक उडवत होता. पिवळा ढग उठला, बांध ओलांडून आला आणि सावकाश, अगदी पाहुण्यानं खुर्ची ओढून बसावं तसा, टेबलावर बसला. कसक्यावर, ग्लासांत, जावयाच्या आईच्या टोपीवर.

"अरे, डोळे आहेत की कोटाची बटणं?" अपोलोनिया ओरडली.

अगुस्तिन ओशाळला होता, चूक त्याला कळली होती. पण इतक्या लोकांसमोर ओशाळलेला पुरुष गप्प कुठला बसायला! तो म्हणाला, "एवढं काय त्यात? उलट चव आली असेल. सान्तान्तिओकोच्या हाताचा कसका तो."

पाहुणे हसले. ऑर्नेलासुद्धा तोंडावर हात धरून हसली. अपोलोनिया हसली नाही. गंधक झटकता येतं. चाळीस वर्षांनंतर, आपल्याच टेबलाशी, आपल्याच माणसानं "बाहेरची" म्हटलेलं कसं झटकणार? तिनं कसका उचलून कोंबड्यांना घातला, पाहुण्यांना पाव आणि चीज दिलं, आणि त्या दिवसापासून अगुस्तिनशी बोलणं टाकलं. तोही हट्टी. बांध एक, हौद एक, पण तो सकाळी पाणी काढायचा तर ही संध्याकाळी. नातीचे दुधाचे दात पडून नवे आले तरी हे चालूच.

तीन वर्षांमागच्या मार्च महिन्यात समुद्र आत आला. वारा पश्चिमेचा, लाटा वाळूचा उंचवटा ओलांडून सरळ बागेत. अपोलोनियाची ओळ सखल भागात. तिथं खारं पाणी तळ्यासारखं साचलं आणि आठवडाभर हललं नाही. अगुस्तिनची ओळ बांधाच्या वरच्या अंगाला, वीतभर उंच. वीतभरच, पण तेवढ्यावर निभावलं. मे उजाडला, बाकी सगळ्या वेली आळोखेपिळोखे देत उठल्या आणि अपोलोनियाच्या ओळीतल्या सहा वेली उठल्याच नाहीत.

सोसायटीच्या वाईनघरातला तरुण बघायला आला. भला पोरगा. म्हणाला, "लाल्ला, मी सहा कलमं आणून देतो." कालासेत्तात आत्या, मावशी, काकू सगळ्यांना मिळून लाल्ला हा एकच शब्द आहे, आणि अपोलोनिया आता अर्ध्या गावाची लाल्ला. "नको रे बाळा," ती म्हणाली. सासूला दिलेला शब्द त्याला काय सांगणार!

आधी वाळूतलं मीठ जायला हवं होतं. तिनं एक पावसाळी हिवाळा जाऊ दिला. चिमूटभर वाळू जिभेवर ठेवायची, थुंकायची. खारट. पुन्हा महिन्यानं. दुसऱ्या हिवाळ्यात वाळू बेचव लागली आणि तिनं खोरं काढलं. पण काडी कुठून आणायची? तिच्या ओळीत खड्ड्यांजवळ वाचलेल्या आणि आतल्या ओळींतल्या वेली सासूच्याही आधीच्या. म्हाताऱ्या, वळलेल्या, काड्या हातभरसुद्धा लांब नाहीत. त्या घडासाठी ठीक, पोरांसाठी नाहीत.

आणि बांधापलीकडे, बरोबर त्या सहा खड्ड्यांसमोर, अगुस्तिनच्या वेलींवर सहा लांब, जाड, सरळ काड्या डुलत होत्या. बाकी सगळी बाग छाटून झालेली, न्हाव्यानं हजामत केल्यासारखी, आणि या सहाच राहिलेल्या.

"म्हातारा झाला," अपोलोनिया स्वतःशी म्हणाली. "छाटायला विसरतोय. नजरही गेली वाटतं."

हे म्हणणं तिला फार सोयीचं पडलं. आंधळ्या माणसाला काय विचारायचं? दुपारी सगळं गाव दारं लोटून झोपतं तेव्हा ती आली, बांधाखालून चर खणले, सहाही काड्या निजवल्या आणि सहा टोकं आपल्या ओळीत वर काढली. मोडली एकही नाही. घरी जाताना तिला कंबरेची कळही जाणवत नव्हती. उन्हाळ्यात सहाही पोरींनी पानं धरली. आई पलीकडे, लेकी अलीकडे, आणि मधे वाळूखाली नाळ. अपोलोनिया रोज सकाळी कॉफी घेऊन तिथं जायची आणि उगीचच उभी राहायची.

त्या वर्षीची तोडणी संपली, नवी वाईन पिंपात खदखदायला लागली, आणि एके सकाळी पावाच्या दुकानात त्रेसीनानं पाव कागदात गुंडाळता गुंडाळता विचारलं, "लाल्ला, ऐकलंस ना? अगुस्तिन बाग विकतोय."

"मला काय त्याचं?"

"तुला नाही, मला सांगावंसं वाटलं. खुब्याचं दुखणं, वाकता येत नाही म्हणे. काल्यारी शहरातला कोणी माणूस घेतोय. म्हणतो, बांधाकडची ओळ उपटून ट्रॅक्टरची वाट करणार."

अपोलोनियाच्या हातातला पाव खाली पडला.

"अगं, गरम आहे का एवढा?" त्रेसीना म्हणाली.

घरी येऊन तिनं ऑर्नेलाला फोन लावला. "आया उपटल्या तर लेकी मरतील गं. एकच उन्हाळा झालाय. अजून दोन हिवाळे हवेत निदान."

"मग जा आणि विचार त्याला, आई."

"विचारू काय? तुझ्या काड्या चोरल्या, आता तुझी ओळ उपटू नकोस, असं?"

"हो. असंच."

"तू तुरीनला राहतेस म्हणून तुला सोपं वाटतं."

"आई," ऑर्नेला म्हणाली, "त्या दिवशी मी हसले ना, ते मला अजून बोचतं. माझ्यावर तू रागावली नाहीस, सगळा राग त्याच्यावर काढलास. आता माझ्यासाठी म्हणून जा."

अपोलोनियानं फोन ठेवला. सहा वेलींचा जीव आणि एका बाईचा ताठा. सासू असती तर काय म्हणाली असती ते तिला शब्दन् शब्द ऐकू आलं, आणि त्यातले काही शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत. मग तिनं रव्याचा डबा काढला.

रविवारी दुपारी झाकलेलं भांडं कमरेवर घेऊन ती अगुस्तिनच्या दारात उभी राहिली. दार उघडंच होतं. तो खिडकीपाशी बसलेला, एक पाय स्टुलावर. तिला बघून उठायला गेला आणि कळ येऊन पुन्हा बसला.

"बस, बस. आजवर उठला नाहीस, आता कशाला उठतोस," ती म्हणाली.

"काय आणलंयस?"

"कसका."

अगुस्तिननं झाकण उचललं, वाकून वास घेतला. "गंधक नाही घातलंस आज?"

अपोलोनिया भांडं उचलून परत निघाली असती, पण तेवढ्यात त्यानं पाय खाली घेऊन स्टूल तिच्याकडे सरकवलं. विचार करायच्या आधी बोलून टाकायची त्याची जुनी खोड. ती बसली.

"अगुस्तिन, मला तुला काही सांगायचंय. मागच्या हिवाळ्यात मी तुझ्या..."

"सहा काड्या नेल्यास."

ती बसल्या जागी अर्धी उठली.

"दुपारी आलीस. इकडे बघ, तिकडे बघ, कोंबडी चोरायला आल्यासारखी. मी खोपटामागे होतो. हसू दाबायला टोपी तोंडात धरली, ती लोकर अजून दातांत आहे."

"तू बघत होतास? आणि बोलला नाहीस?"

"बोलणं कुणी टाकलं होतं?" तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "सहाच काड्या कशा राहतील गं, अपोलोनिया? तुझ्या सहा खड्ड्यांसमोर सहा? पन्नास वर्षं छाटतोय मी. पहिल्या हिवाळ्यातही ठेवल्या होत्या. तू हातच लावला नाहीस. मग नाइलाजानं कापल्या, पुढच्या वर्षी पुन्हा नव्या ठेवल्या. मला वाटलं, सान्तान्तिओकोच्या..." आणि तिथं तो थांबला. जीभ आवरलेला अगुस्तिन अपोलोनियानं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.

"पहिल्या वर्षी वाळू खारट होती," ती म्हणाली. "तुला चाखून बघायची अक्कल असती तर कळलं असतं."

"वाळू चाखायची?"

"नाहीतर काय, नुसती बघून मीठ कळतं?"

"हे बास्तियाननं शिकवलं तुला?"

"मला रोमिल्दानं शिकवलं. बास्तियानला मी शिकवलं."

अगुस्तिन मोठ्यानं हसला आणि खुब्यात कळ आली तरी हसतच राहिला. मग चमचा घेऊन त्यानं कसका खाल्ला. एक घास, दुसरा. अपोलोनिया भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली, पण कान आणि अर्धं लक्ष चमच्याकडे.

"त्या दिवशी," तो घास गिळून म्हणाला, "चूक माझी होती. वारा फिरला ते मला दिसलं होतं. वाटलं, एवढी एक ओळ उरकून घेतो. आणि मग तुला जे बोललो... घरी आल्यावर बायकोनंसुद्धा मला दोन दिवस जेवायला दिलं नाही. हा कसका माझ्या आईच्या वरचा आहे. हे गावात सांगू नकोस, माझी आई थडग्यातून उठून येईल."

अपोलोनियाचे डोळे भरून आले. ते लपवायला तिनं कामाचं काढलं. "ती ओळ, अगुस्तिन. तो माणूस उपटणार म्हणे. पोरी अजून आईचंच पितायत."

"म्हणून तर सही केलेली नाही मी. त्याला सांगितलंय, बांधाकडची ओळ सोडून बाकी घे. तो म्हणतो, मग ट्रॅक्टर कुठून नेऊ? म्हटलं, डोक्यावरून ने. काल निरोप आला, दुसऱ्या अंगानं वाट करतोय."

"मग ती ओळ?"

"लेकी तुझ्याकडे आहेत, आयांना मी कुठं पाठवू? तुझ्या बागेला जोडून घे. एका अटीवर." तो खिडकीबाहेर बघायला लागला. "सगळी बाग मला आता झेपत नाही. पण एक ओळ झेपेल. लाकडी स्टूल घेऊन, सरकत सरकत. माझ्या हातात कात्री नसेल तर मी सकाळी उठून करू काय? त्या ओळीची छाटणी माझी. तू मधे बोलायचं नाहीस."

"मधे तर मी बोलणारच," अपोलोनिया म्हणाली.

"ते माहीत होतं. म्हणून अट घातली. निदान थोडी कमी बोलशील."

जानेवारीत एका स्वच्छ, बिनवाऱ्याच्या सकाळी दोघं बांधावर होती. तो त्याच्या ओळीत स्टुलावर, ही तिच्या ओळीत गुडघ्यांखाली गोणपाट घेऊन. समुद्र इतका शांत, जणू गेल्या काही वर्षांत त्यानं कुणाचं काही वाकडं केलंच नव्हतं. सहा पोरींच्या काड्या शिसपेन्सिलीएवढ्या जाड झालेल्या.

"दोन डोळे ठेव, तीन नको," ती म्हणाली.

"कोणाची छाटणी आहे?"

"तुझी. पण पोरींची आजी मी आहे."

"आणि मी कोण?"

"तू स्टूल सरकव, आधी. वेलीवर बसशील."

खोपटात पातेल्यात काल उरलेला कसका होता आणि बाटलीत त्याच बागेतली वाईन, गडद, जराशी तुरट, ठेवली तर आणखी दोन वर्षांत मऊ होईल अशी. जेवायची वेळ झाली तेव्हा अगुस्तिननं उठण्यापूर्वी सवयीनं दोन्ही ओळींवरून नजर फिरवली. त्याच्या ओळीच्या टोकाला एक वेल गेल्या उन्हाळ्यात वाळून गेली होती. तो खड्डा तसाच होता. आणि त्या खड्ड्यासमोर, अपोलोनियाच्या ओळीत पुरातून वाचलेल्या एका तरण्या वेलीवर, एक लांब काडी उभी होती. बाकी सगळी वेल नीट छाटलेली, ती एकच नाही.

"ए," तो म्हणाला, "म्हातारी झालीस. ही छाटायला विसरलीस."

"हो का?" अपोलोनिया कात्री पुसत म्हणाली. "विसरले असेन."

अगुस्तिन हळूच वाकला, जेवढं वाकवत होतं तेवढं, खड्ड्यातली चिमूटभर वाळू बोटावर घेतली आणि जिभेवर ठेवली.

"खारट नाही," तो म्हणाला.

"मग खोरं आण," ती म्हणाली. "जेवण झाल्यावर."